सिंड्रेलाला १८६३ सालात नेताना

तुमच्या पत्रातला मुद्दा थोडक्यात असा: सिंड्रेलाची गोष्ट 'साधारण १८५० च्या' इंग्लंडमध्ये नेऊन तुम्ही मराठीत प्रेमकादंबरी लिहिताय. यॉर्कशरमधलं घर, सावत्र आई, तिच्या दोन मुली, लंडनचा बॉल, म्हणजे मोठा नाचसमारंभ, आणि एक तरुण ड्यूक. तीन प्रकरणं झाली आहेत आणि ती वाचलेल्या दोघी मैत्रिणी म्हणतात, "कपडे बदललेत, गोष्ट तीच आहे." जादू ठेवू की काढू, आणि सगळंच उचलून पेशवाईतल्या पुण्यात आणू का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पुण्याचं आधी सांगते, ते सोपं आहे. आणू नका. तुमच्या नायिकेला ज्याने बांधून घातलंय ते सगळं इंग्लंडचं आहे: तिथलं मृत्युपत्र, तिथलं चर्च, तिथला शिवणाचा धंदा. ते मागे ठेवून तिला शनिवारवाड्यासमोर उभी केलीत तर हातात नुसता बूट उरेल.

आता मैत्रिणींचं म्हणणं. गेली बावीस वर्षं मी या प्रकारच्या कादंबऱ्यांचे अनुवाद आणि संपादन करते आहे, चार स्वतः लिहिल्या आहेत, आणि फसलेल्या बहुतेक हस्तलिखितांत मला एकच गोष्ट दिसली. लेखक जादू काढून टाकतो आणि तिच्या जागी काहीच ठेवत नाही. परी गेली, एक दयाळू मावशी आली. शाप गेला, एक गैरसमज आला. मूळ कथेत शाप म्हणजे दगडी भिंत असते, आणि गैरसमज तर दोन वाक्यं बोलली की मिटतो. मग वाचणाऱ्याला वाटतं, ही बाई दार उघडून निघून का जात नाही?

व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये बाईला दार उघडून जाता येत नसे, याची कारणं कागदावर लिहिलेली होती. तुमची भिंत तिथे आहे. पण ती सापडायला आधी साल पक्कं करा. 'साधारण १८५०' हे साल नव्हे. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली. त्या त्रेसष्ट वर्षांत कायदा इतका बदलला की आजी आणि नात दोन वेगळ्या देशांत राहिल्यासारख्या होत्या. माझ्या पहिल्या कादंबरीत मी १८६० साली एका जोडप्याला रातोरात स्कॉटलंडच्या हद्दीवर ग्रेटना ग्रीनला पळवलं आणि सकाळी त्यांचं लग्न लावलं. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाने कळवलं की १८५६ च्या कायद्याने त्यासाठी दोघांपैकी एकाचा स्कॉटलंडमध्ये २१ दिवस मुक्काम आवश्यक झाला होता. माझ्या कादंबरीचा सगळा उत्कर्षबिंदू त्या रात्रीवर उभा होता. तेव्हापासून मी साल ठरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहीत नाही.

तुमच्या गोष्टीसाठी मी १८६३ सुचवते. का, ते तुमच्याच पात्रांवरून सांगते.

वडिलांपासून सुरुवात करा. तुमच्या मसुद्यात ते वारतात आणि सावत्र आई घराची मालकीण होते. कशी? इंग्लंडमध्ये त्या काळी बापाला स्वतःची मिळकत हवी त्याला लिहून देता येई. मुलीला एक पै न ठेवण्याचीही मोकळीक होती. तेव्हा 'सगळं बायकोला दिलं, ती पोरीला सांभाळेल या भरवशावर' हे अगदी शक्य आहे. पण याहून धारदार काहीतरी त्या कायद्यातच पडलेलं आहे. १८३७ च्या मृत्युपत्र कायद्याप्रमाणे लग्न झालं की माणसाने आधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होई. समजा, तुमच्या नायिकेच्या बापाने दुसऱ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, प्रेमाच्या भरात, सगळं होणाऱ्या बायकोच्या नावे लिहिलं. लग्न लागलं आणि तो कागद मेला. नवा करायचं राहून गेलं आणि तो वारला. मुलगा नाही. मग जमीन आणि घर त्याच्या रक्ताच्या एकुलत्या मुलीचं. विधवेला त्या जमिनीत फार तर तिसरा हिस्सा, तोही हयातीपुरता. सावत्र बहिणींना काहीच नाही.

म्हणजे चुलीपाशी राख उपसणारी मुलगी त्या घराची मालकीण आहे आणि तिला ते माहीत नाही. सावत्र आईला कळलंय. एका वकिलाने हलक्या आवाजात सांगितलंय. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, २१ पूर्ण होईपर्यंत कायद्याने अज्ञान. सावत्र आईकडे दोन वर्षं आहेत. या दोन वर्षांत मुलगी कुणाला भेटता कामा नये, तिने कुणाशी लग्न करता कामा नये, कुठला कागद वाचता कामा नये. बघा, आता ती तिला बॉलला का पाठवत नाही याला कारण आलं. दुष्टपणा आहेच, पण त्याच्यामागे भीती आहे. स्वतःच्या दोन मुली घेऊन रस्त्यावर येण्याची भीती. अशी सावत्र आई लिहायला मला फार आवडेल.

आता परी. बॉलचा झगा एका रात्रीत तयार होतो, ही मूळ कथेतली सगळ्यात सुंदर जादू. १८६३ च्या लंडनमध्ये झगे खरोखरच एका रात्रीत तयार होत. त्या वर्षीच्या मार्चमध्ये डेन्मार्कची अलेक्झांड्रा युवराजांशी लग्न करून आली होती, तिच्या सन्मानार्थ बॉल होत होते आणि मोठ्या घरच्या बायकांचे कपडे वेळेत पुरे करायचे होते. जूनमध्ये मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची शिवणकामगार मुलगी सलग साडेसव्वीस तास काम करून मेली. एकेका कोंदट खोलीत तीस-तीस मुली बसून शिवत होत्या. वर्तमानपत्रांत ते गाजलं, आणि पुढे राजकीय अर्थशास्त्राच्या ग्रंथातही तिचं नाव गेलं.

तुमची नायिका स्वतः राबलेली मुलगी आहे. तो झगा अंगावर चढवताना ती टाके बघेल. कुठे टाके सरळ आहेत आणि कुठे पहाटेच्या सुमाराला हात थरथरलाय, हे तिला कळेल. तुमच्या दयाळू मावशीला मी त्या शिवणघरातली एक मुलगी करीन. तिच्याकडे नाकारलेला, गिऱ्हाइकाने परत पाठवलेला झगा आहे, तो एका रात्रीपुरता बाहेर गेला तर कुणाला कळणार नाही, सकाळी सहाच्या आत परत यायला हवा. आता नायिकेला नाच संपायच्या आत का निघायचंय हेही आपोआप ठरलं, आणि उशीर झाला तर नोकरी कुणाची जाणार हेही. जादू ठेवा की काढा, दोन्ही चालेल. पण तिची किंमत कुणीतरी मोजताना दिसू द्या.

तपशिलातल्या दोन गोष्टी, कारण तुमच्या दुसऱ्या प्रकरणात त्या चुकल्या आहेत. लंडनच्या बॉलला पाहुणे रात्री दहा-अकराला येत आणि पहाटेपर्यंत नाचत. बाराला निघणं म्हणजे बहुधा जेवणाच्याही आधी निघणं, ते लोकांच्या नजरेत भरेलच. आणि तुम्ही तिला चुलीशेजारी पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनमध्ये, म्हणजे झगा फुगवणाऱ्या सांगाड्यात, बसवलंय. तो घेर १८५६ नंतरचा, म्हणजे तुमच्या १८५० मध्ये नव्हताच. १८६३ मध्ये मात्र तो ऐन भरात होता, आणि ठिणगी पडून बायका जळून मेल्याच्या बातम्या येत. सावत्र बहीण चुलीजवळून जाताना नायिका नकळत हात पुढे करून तिचा घेर मागे ओढते, असा एक छोटा प्रसंग मी नक्की लिहीन. राखेतल्या मुलीला आग कळते.

जमलं तर बूट काचेचा नको. नाचाचे सॅटिनचे बूट इतके नाजूक असत की एका रात्रीत झिजून जात. फाटलेला, तळाशी काळा पडलेला एक बूट हातात घेऊन उभा असलेला पुरुष मला काचेच्या बुटापेक्षा जास्त हलवून जातो.

इतक्या घनदाट जमिनीवर प्रेम कुठे उगवतं? लोक इथेच अडतात. कायदे, मजुरी, मृत्युपत्र, सगळं झालं आणि कादंबरी कोरडी पडली. तसं होऊ द्यायचं नसेल तर हे लक्षात घ्या: १८६३ मध्ये तुमच्या नायिकेने प्रेमात पडून लग्न केलं तर तिचं काय होईल? तिची रोकड, दागिने, शेअर हे सगळं लग्न लागताच नवऱ्याचं. तिच्या जमिनीचा ताबा आणि उत्पन्नही त्याच्या हाती. विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा पहिला कायदा १८७० चा, तोही अपुरा. खरा कायदा १८८२ चा. आपल्याकडे निदान 'स्त्रीधन' हा शब्द तरी होता. म्हणजे सावत्र आईच्या हातून घर सोडवायचं आणि ते घर लगेच राजपुत्राच्या हाती द्यायचं, ही सिंड्रेलाची सुटका झाली का? श्रीमंत घराणी यातून वाट काढत. लग्नाआधी करारनामा करून मुलीची मिळकत विश्वस्तांच्या हाती, फक्त तिच्या वापरासाठी ठेवत, आणि चान्सरी न्यायालय ते मानत असे. पण तुमच्या नायिकेच्या वतीने तो मागायला बाप नाही. तो तिला स्वतःला मागावा लागेल, ज्या माणसावर जीव जडलाय त्याच्याकडून. माझ्या मते तुमच्या कादंबरीतला सगळ्यात हळवा प्रसंग हाच आहे. ती विचारते, आणि विचारताना तिला वाटतं की आता हा जाईल.

सौंदर्यवती आणि पशूच्या कथेबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय, 'पुढचं पुस्तक' म्हणून. तिथे सालाचा जोर याहून जास्त आहे. ती कथा घराघरांत पोचवणारी मादाम द बोमाँ लंडनमध्ये गव्हर्नेस होती आणि तिने ती १७५६ मध्ये मुलींना शिकवण्यासाठी लिहिली. नावडत्या नवऱ्याशी जुळवून घ्यायची तयारी त्यात आहेच. आता तीच गोष्ट १८४० मध्ये ठेवा. त्या वर्षी इंग्लंडच्या न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की पळून जाऊ पाहणाऱ्या बायकोला नवरा घरात कोंडून ठेवू शकतो. आणि १८९१ मध्ये ठेवून बघा. लँकशरमधल्या क्लिदरो गावात जॅक्सन नावाच्या माणसाने आपल्या बायकोला रविवारी चर्चबाहेरून उचलून नेलं आणि घरात कोंडलं, तेव्हा अपील न्यायालयाने तिला सोडवलं: नवऱ्याला असा हक्क नाही. १८४० मधला पशू दार उघडं ठेवतो तेव्हा तो कायद्याने दिलेलं काहीतरी आपण होऊन सोडतोय. १८९१ मध्ये दार उघडं ठेवणं त्याचं कर्तव्यच आहे, तिथे प्रेम दाखवायला त्याला दुसरं काही करावं लागेल. ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. बुडालेल्या व्यापारी बापासाठी १८७८ साली कोसळलेली सिटी ऑफ ग्लासगो बँक बघा. तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, त्यामुळे बँकेचं देणं फेडता फेडता घरंच्या घरं धुऊन निघाली. वादळात बुडालेल्या जहाजांपेक्षा हे जास्त भीतीदायक आहे.

हिमगौरीबद्दल एकच सांगते, कारण ती कुणीतरी मराठीत लिहावी अशी माझी फार इच्छा आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिला मारायला निघालेली बाई सख्खी आई आहे. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. आणि सफरचंदाच्या आधी ती दोनदा मारायचा प्रयत्न करते, एकदा विषारी कंगव्याने आणि त्याही आधी चोळीची नाडी जीव जाईस्तोवर आवळून. व्हिक्टोरियन कॉर्सेट आठवा. १८५१ च्या कायद्यानंतर सोमल, म्हणजे आर्सेनिक, विकत घेणाऱ्याला दुकानदाराच्या नोंदवहीत सही करावी लागे. तेव्हा तुमची राणी विष आणायला कुणाला पाठवते आणि सही कुणाची असते, यावर रहस्य उभं राहतं. आणि सात बुटके? १८४२ च्या आधीच्या कोळशाच्या खाणी बघा. काही ठिकाणी कोळशाचा थर दोन फुटांहूनही कमी उंचीचा, तिथे लहान मुलं रांगत गाडे ओढायची. पाच-सहा वर्षांची पोरं अंधारात बसून हवेची दारं उघडझाप करायची. त्या वर्षीच्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीच्या पोटात उतरायची बंदी झाली. सात पोरांच्या झोपडीत आलेली मुलगी, पायथ्याशी खाण आणि कायदा अजून व्हायचा आहे. मला पुढचं पान आत्ता दिसतंय.

झोपलेल्या राजकन्येचं मात्र थेट जमत नाही, माणूस शंभर वर्षं झोपत नाही. चान्सरी न्यायालयात पिढ्यानपिढ्या अडकलेली मिळकत झोपू शकते, तेवढं करून बघा. आणि स्कॉटलंडच्या सील-स्त्रीची, म्हणजे समुद्रातल्या सील प्राण्याची बाई होते तिची, दंतकथा घेणार असाल, ती जिचं कातडं नवरा पेटीत कुलूपबंद करतो, तर तिला इंग्लंडचा कायदा लावू नका. स्कॉटलंडमध्ये नुसत्या परस्परसंमतीने लग्न होई आणि व्यभिचारासाठी घटस्फोट बायकोलाही नवऱ्याइतक्याच अटींवर मिळे. इंग्लंडमध्ये १८५७ नंतरही बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखा आणखी एक दोष सिद्ध करावा लागत होता.

हे सगळं मराठीत कशाला, असं तुमच्या एका मैत्रिणीने विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. तिला १८६८ सालची हकीकत सांगा. त्या वर्षी लंडनमध्ये ॲन थॅकरेने सिंड्रेला, झोपलेली राजकन्या वगैरे आपल्या काळाच्या दिवाणखान्यांत आणून बसवलेलं पुस्तक काढलं; तुम्ही आज जे करताय ते ती तेव्हाच करत होती. आणि त्याच वर्षी तिथेच दख्खनच्या लोककथांचं एक पुस्तक निघालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिच्या आयाने, ॲना लिबराता द सूझाने, तिला सांगितलेल्या त्या गोष्टी. ॲनाचं घराणं मूळचं कालिकतचं, नंतर गोव्याजवळ स्थायिक झालेलं. त्यातल्या एका गोष्टीत सोदेवाबाईची सोन्याची चप्पल डोंगरावरून खाली जंगलात घरंगळते आणि राजपुत्राला सापडते. फरक इतकाच की लग्नाने तिची गोष्ट संपत नाही. तिचा जीव गळ्यातल्या हारात आहे आणि सवत तो चोरवते. मला ही आपली सोदेवाबाई तुमच्या नायिकेच्या शेजारी उभी दिसते. दोघींचं जगणं एका वस्तूत अडकलंय आणि ती वस्तू लग्नानंतर कुणाच्या हाती जाते हाच प्रश्न आहे.

भाषेचं थोडं. तुमचे नोकर 'जी हुजूर' म्हणतात, ते काढा. यॉर्कशरच्या स्वयंपाकघरात दरबार शिरतो. बटलर, गव्हर्नेस, हाऊसकीपर हे शब्द तसेच ठेवा, वाचकाला कळतात. हाऊसकीपर अविवाहित असली तरी तिला 'मिसेस' म्हणत, तेवढं सांभाळा. आणि मराठीकडे जे आहे ते इंग्रजीकडे नाही हे विसरू नका. त्यांच्याकडे एकच सर्वनाम. तुमच्याकडे 'तुम्ही' आहे आणि 'तू' आहे. त्या काळी नवरा-बायकोही चारचौघांत एकमेकांना आडनावाने, मिस्टर-मिसेस म्हणत. पहिलं नाव उच्चारणं म्हणजे फार जवळ येणं. ज्या वाचकांच्या आजीने उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, त्यांना हे समजवावं लागत नाही. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात ती दोघं पहिल्याच नाचात 'तू'वर येतात. शंभर पानं थांबा. तो 'तू' तिच्या तोंडून आधी येऊ द्या, आणि रागात येऊ द्या.

राहिला ड्यूक. त्याला काढा. एक तर त्या राज्यात सगळे मिळून ड्यूक तीसच्या आतबाहेर, आणि प्रेमकादंबऱ्यांनी त्यांना पार वापरून टाकलंय. दुसरं कारण महत्त्वाचं आहे. १८८६ पर्यंत इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्न फक्त सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळातच लागायचं. ड्यूकला कँटरबरीच्या आर्चबिशपकडून खास परवाना मिळतो, त्याला वेळेचं बंधन नाही. गिरणीवाल्याच्या रेल्वे-इंजिनिअर मुलाला तो परवाना कोण देणार? त्याच्यावर घड्याळ चालतं.

म्हणून तुमचं शेवटचं प्रकरण मी असं मांडीन. गावचं चर्च, अकरा वाजून चाळीस मिनिटं. नायिका कालच एकवीस वर्षांची झाली आहे. करारनाम्याचा अंतिम कागद घेऊन वकिलाचा कारकून यॉर्कहून निघालाय, त्याची गाडी उशिरा धावतेय. सावत्र आई शेवटच्या बाकावर बसली आहे. कागदाशिवाय लग्न लागलं तर मुलीला आपल्यासारखंच कुणाच्या तरी मेहरबानीवर जगावं लागेल हे तिथे फक्त तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ती काही बोलत नाही. पाद्री घड्याळाकडे बघतो. इंजिनिअरला आज लग्न झालंच पाहिजे, उद्या त्याचं जहाज सुटतंय. तो नायिकेकडे बघतो, मग स्वतःच पाद्रीला सांगतो, "थांबूया." मनोऱ्यावर बाराचे टोले पडायला लागतात, आणि तो तिचा हात न धरता, चर्चचं दार उघडून, स्टेशनच्या रस्त्याकडे चालायला लागतो, त्या कारकुनाला गाठायला.